दोन रिंगांचा फोन

१

शालिग्राम भदाणे जानेवारीत गेले आणि तरीही एप्रिल संपत आला तोवर रोज संध्याकाळी कामावर येत होते. निदान कागद तसं सांगत होता.

जळगावच्या डाळ मिलच्या ऑफिसात रुपचंदशेठनं तो कागद वत्सलासमोर टेबलभर पसरला. दोन्ही कडांना भोकं असलेला, घडीवर घडी उलगडत जाणारा कॉम्प्युटरचा लांब कागद होता तो. त्यावर ओळीनं तारखा, वेळा आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तिच्या वडिलांचं नाव.

"तुमचे आबा सतरा जानेवारीला गेले," रुपचंद म्हणाला. तो पस्तिशीचा होता. वडिलांमागं जळगावची मिल, धुळ्याचं कापसाचं जिन आणि चाळीसगाव-शिंदखेड्याची खरेदी केंद्रं त्याच्याकडे आली होती. "आणि तीस जानेवारीपासून कालपर्यंत कुणीतरी त्यांच्या नावानं आमच्या फोनच्या सर्व्हरमध्ये शिरतंय. त्र्याऐंशी वेळा, ताई."

वत्सलानं पहिली आणि शेवटची ओळ बोटानं शोधली. ती जळगावच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. वडील गेल्यापासून तिनं बोलणं जरा कमी केलं होतं आणि वाचणं वाढवलं होतं, एवढाच बदल लोकांना दिसला होता.

शालिग्रामआबा टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन या पेढीत आले होते. सगळ्या शाखांचे फोन जोडणारं एक्स्चेंज त्यांनी जळगावला बसवून घेतलं आणि त्याचा कॉम्प्युटर धुळ्यात बसून चालवला. जिनच्या ऑफिसात, फोनच्या तारेवरून. साठ मैलांवरचं यंत्र बसल्या जागी दुरुस्त करणारा माणूस म्हणून धुळ्यात लोक त्यांच्याकडे कौतुकानं बघत.

तेवढ्यात फोन वाजला. रुपचंदनं रिसीव्हर उचलला आणि कानापासून वीतभर लांब धरला. चाळीसगावचा गुमास्ता उद्याच्या तुरीच्या खरेदीबद्दल बोलत होता. वत्सलाला टेबलापलीकडे शब्द न् शब्द ऐकू आला.

फोन ठेवून रुपचंद म्हणाला, "महिनाभर झाला, आमची खरेदीची बोलणी बाजारात आधीच फुटतायत. कुणीतरी फोन ऐकतंय. परवा मी धुळ्याला येतोय. तोवर माणूस सापडला नाही तर पोलिसांत अर्ज जाईल. आणि अर्जात पहिलं नाव शालिग्रामआबांचं लिहावं लागेल. त्यांनी पासवर्ड कुणाला तरी दिला, हे उघड आहे."

"अक्षय्यतृतीया पाच दिवसांवर आली, शेठ. आखाजीला त्यांच्या नावानं पाण्याचं डेरगं भरायचंय घरात."

"म्हणूनच तुम्हाला आधी बोलावलं." त्यानं नजर खाली घातली. "आणखी एक. पासवर्ड काल आम्ही उघडून पाहिला. इंग्रजी पाच अक्षरं आहेत. वत्सू."

२

फोनच्या सर्व्हरची खोली म्हणजे जिन्याखालची कपाटाएवढी जागा. तिथं सुकदेव नावाचा इंजिनियर पंख्याखाली शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून बसला होता. यंत्राची देखभाल आता त्याच्याकडे होती.

"मॅडम, माझ्यावरही संशय आहे, त्यामुळे मी खरं तेच सांगणार," तो हसून म्हणाला. "खोटं बोलायला चहा लागतो, तोही आज दिला नाही यांनी."

"पासवर्ड माहीत असला की कुठूनही शिरता येतं का?"

"नाही ना! तीच तर आबांची करामत. बाहेरून फोन आला की हा सर्व्हर नाव आणि पासवर्ड विचारतो, आणि मग फोन ठेवून देतो. नंतर स्वतः धुळ्याच्या जिनमधल्या खोलीत उलटा फोन लावतो. फक्त तिथंच. म्हणजे शिरणारा माणूस त्या खोलीत, त्या मशीनपुढं बसलेला असलाच पाहिजे."

"मग तुम्ही सुटलात."

"सुटलो. रोज सातला मी इथं जळगावात सही करून जातो."

"शिरून काय केलं, ते कळतं?"

"ते नोंदत नाही. आला कधी, गेला कधी, एवढंच. पण थांबतो दोनच मिनिटं. दोन मिनिटांत कुणाचं बोलणं काय ऐकणार? शेठना मी सांगितलं. त्यांना पटत नाही."

वत्सलानं कागद गुडघ्यावर घेतला. जानेवारीच्या सतरा तारखेआधीच्या ओळी तिनं पहिल्यांदा पाहिल्या. साडेसहा. साडेसहा. साडेसहा. सहा एकतीस एकदाच, आणि ती चूक आबांना दिवसभर टोचली असेल. घरातलं घड्याळ रेडिओच्या ठोक्यावर लावणारा माणूस होता तो.

मग तेरा दिवस कोरे. आणि तीस जानेवारीपासून नव्या ओळी.

"हा नवा पाहुणा बेशिस्त आहे," सुकदेव तिच्या खांद्यावरून म्हणाला. "सहा चोवीसला येतो, सहा तेहतीसला येतो, आता सातला तीन मिनिटं कमी असताना येतो. आणि होळीच्या आधी चार दिवस आलाच नाही."

वत्सलाला वाटलं, बेशिस्त माणूस त्र्याऐंशी दिवस येत नाही. पण तिनं ते बोलून दाखवलं नाही. तिनं कागदाची घडी घातली आणि धुळ्याची एसटी पकडली.

३

जिनचा हंगाम सरत आला होता. अंगणात सरकीचा शेवटचा ढीग होता आणि कापसाचे तंतू तारांच्या कुंपणाला अडकून हलत होते. वत्सला पोचली तेव्हा सहा वाजून गेले होते. कारकून सायकली काढून निघाले होते. ऑफिसात उरले होते एकटे रतिलालकाका.

रतिलाल या पेढीचे धुळ्याचे मुनीम. आबांहून चार वर्षांनी लहान, पण पांढऱ्या टोपीमुळे मोठे दिसत. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली देवाचा फोटो होता, नातवाचा फोटो होता आणि मंदिरातून मिळालेलं बारीक आकड्यांचं एक छापील कार्ड होतं. ते डबा खात होते. तिला पाहून उठायला लागले.

"बसा काका, जेवून घ्या."

"झालंच, बेटा." त्यांनी शेवटचा घास घेतला, डब्यात पाणी ओतून विसळलं आणि ते पाणीसुद्धा पिऊन टाकलं. मग डबा पालथा घातला. "रुपचंदचा फोन आला होता. म्हणे आपल्या ऑफिसात चोर आहे."

"आबांच्या खोलीत कोण जातं?"

"किल्ली त्या खिळ्यावर असते. कुणीही घेऊ शकतं."

"पण ते मशीन कुणाला चालवता येतं?"

रतिलालनी हात पुसले. "बेटा, इथं इंग्रजी वाचता येणारी माणसं तीन. तिघं सहाला घरी जातात. मला विचारशील तर मला ए कुठला नि बी कुठला ते अजून कळत नाही. शालिग्रामभाऊ त्यावरून माझी फार चेष्टा करायचे."

"काय म्हणायचे?"

"म्हणायचे, रतिलाल, तू सात गावांचा हिशेब डोक्यात ठेवतोस आणि सव्वीस अक्षरांना घाबरतोस." ते हसले, आणि मग त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला.

बाहेरून निंबा आला. हा जिनचा राखणदार, अंगानं दांडगा, हातात किटली. त्यानं दोन पेल्यांत चहा ओतला. वत्सलानं एक रतिलालपुढं सरकवला.

"आता नको, बेटा," त्यांनी खिडकीकडे पाहत पेला परत सारला. "तू घे. वहिनी वाट बघत असतील. उशीर नको करू."

फाटकापर्यंत निंबा सोबत आला. तिनं त्याला त्याची वेळ विचारली. थंडीत संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, होळी झाली की सात ते सात, तो म्हणाला. भोंग्यावर येतो, भोंग्यावर जातो. पण घर मागच्याच चाळीत, म्हणून भोंग्याआधीही इथंच असतो.

"मग तुला त्या खोलीत कुणी दिसलं असेल."

निंबानं मागं वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अक्का, तुले खोटं कसाले सांगू? दिवा लावाना टाइमले त्या खोलीमा आबासनं मशीन वरडस. किर्रर करीसन. रोज. मी आतमा जात नही. बाहेरतून हात जोडस आन निंघी जास."

"कोण असतं आत?"

"आबा शेतस, अक्का," निंबा म्हणाला. "दुसरं कोन ऱ्हाई?"

४

भागाबाई ओट्यावर बसून गहू निवडत होत्या. लेकीला पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"उनी का बेटा? तोंड कसं सुकी गयं तुनं. बस."

वत्सलानं आईला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? की तुझ्या नवऱ्याचं नाव परवा पोलिसांच्या कागदावर जाईल, आणि त्याच्या चोरीची किल्ली म्हणजे माझं नाव आहे?

दिवस मावळला. भागाबाईंनी देवापाशी निरांजन लावलं, आणि येता येता फोनच्या तिपाईजवळ जरा थांबल्या. वत्सलाला ते थांबणं विचित्र वाटलं.

फोन वाजला.

वत्सला उठली तोच आईनं तिचा हात धरला. "उचलू नको."

दुसरी रिंग वाजली. तिसरी वाजलीच नाही.

भागाबाई शांतपणे आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तवा ठेवल्याचा. वत्सलानं भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. सातला दोन मिनिटं कमी होती.

लहानपणापासून ती हा आवाज ओळखत होती. घरी फोन आल्यापासून आबांची ही रीत होती. कामावरून निघताना दोन रिंगा द्यायच्या. उचलायचा नाही, बोलायचं नाही. आई तवा ठेवायची. आबा सायकलवरून दारात येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची.

"आई, हा फोन रोज येतो?"

"रोज वाजस."

"कधीपासून?"

"तुना आबासनं तेरावं झायं, त्याना दुसरा दिनपाईन." आतून पिठावर हात थापल्याचा आवाज येत राहिला. "तेरा दिन मी संध्याकायले काहीच करेल नव्हतं. कोनसाठे तवा ठेवू? मग फोन वाजना, दोन रिंगा. मी तवा ठेवा. आते ठेवेल शे तर एक भाकर टाकनी. टाकेल शे तर खाई लिधी. तशीच सवय पडी गयी."

"कुणाचा असतो?"

"शेजारीण इचारस. मी सांगस, मनी वत्सूना शे."

वत्सला दारात उभी होती. तिनं एकदाही संध्याकाळी फोन केला नव्हता. ती रविवारी सकाळी फोन करायची, पाच मिनिटं, आणि त्यातली तीन स्वतःचा आवाज सावरण्यात जायची. आई संध्याकाळी जेवते की नाही हे तिनं विचारलंच नव्हतं.

"आई," तिनं विचारलं, "होळीच्या आधी चार दिवस वाजला नाही ना?"

भाकरी थापणारा हात थांबला.

"नही वाजना," भागाबाई म्हणाल्या. "तुले कसं ठाऊक?"

५

त्या खोलीत शिरणारा माणूस काही चोरत नव्हता. बाहेरची लाईन चालू आहे की नाही ते पाहायला एक्स्चेंजकडून कुठला तरी नंबर फिरवून घ्यावा लागतो, आणि आबांनी, त्यांनीच तिला एकदा सांगितलं होतं, चाचणीचा नंबर म्हणून घरचाच टाकून ठेवला होता. काम आणि घर एकाच बटणावर. रोज साडेसहाला धुळ्यातून जळगावला हाक जायची आणि जळगावहून धुळ्याच्या घरात दोन रिंगा यायच्या. आता तेच कुणी दुसरं करत होतं.

पण कोण?

सकाळी आईचं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढून वत्सलानं कागदाशेजारी मांडलं. तीस जानेवारी: सहा चोवीस. पंधरा फेब्रुवारी: सहा तेहतीस. वीस मार्च: सहा शेहेचाळीस. पंचवीस एप्रिल: सहा सत्तावन्न. कुठेही उडी नाही. दोन-तीन दिवसांना एक मिनिट, हळूहळू पुढं. सातवीच्या मुलींना ती दरवर्षी हाच आलेख काढायला लावायची. कॅलेंडरवर प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरांत सूर्यास्त छापलेला होता. वेळ नेहमी त्यानंतर चार-पाच मिनिटांची होती.

ती वेळ घड्याळाची नव्हतीच, सूर्याची होती. बेशिस्त माणूस! तिला सुकदेवचं हसू आलं.

निंबाला तिनं आधी बाजूला काढलं. निंबाची वेळ भोंग्याची. होळीनंतर ती एकदम तासानं पुढं गेली. कागदावर तशी उडी नव्हती. आणि जो माणूस बाहेरून हात जोडून निघून जातो, तो आत बसलेला नसतो.

मग तिला पालथा डबा आठवला. विसळून प्यायलेलं पाणी. खिडकीकडे पाहून परत सारलेला चहाचा पेला. काचेखालचं बारीक आकड्यांचं कार्ड. मावळतीनंतर घोटभर पाणीही न घेणाऱ्या जैन माणसाला मावळतीचं मिनिट माहीत असावंच लागतं.

होळीच्या आधी चार दिवस रतिलालकाका कुठं होते, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. दरवर्षी फाल्गुनात ते पालिताण्याच्या यात्रेला जात आणि येताना आबांसाठी खडीसाखर आणत.

तिनं कॅलेंडर परत खिळ्यावर लावलं. आबांचं नाव आता अर्जातून निघालं होतं. फक्त त्या जागी दुसरं लिहायला हवं होतं, आणि ते लिहायला तिचा हात होईना.

दुसऱ्या दिवशी अकराला रुपचंद धुळ्याला आला, सुकदेवला घेऊन. आबांच्या खोलीतच सगळे उभे राहिले. रतिलाल दाराशी, निंबा त्यांच्या मागं उंबऱ्याबाहेर.

"बोला ताई," रुपचंद म्हणाला. खिशात अर्जाचा कागद दिसत होता.

"शेठ, तुमची बोलणी इथून फुटत नाहीत," वत्सला म्हणाली. "परवा चाळीसगावचा फोन आला तेव्हा तुम्ही रिसीव्हर एवढा लांब धरला होतात. तुमचा गुमास्ता जळगावला ऐकू जावं म्हणून किती ओरडतो? तो बसतो कुठं?"

रुपचंदनं सुकदेवकडे पाहिलं. सुकदेवनं खोकून तोंड फिरवलं. "रस्त्यावरच्या खिडकीत," तो म्हणाला. "समोर चहाची टपरी आहे, शेठ. अख्खी बाजारपेठ तिथं बसते. मी गेलो होतो लाईन बघायला. त्या टपरीवाल्याला तुमचे भाव तोंडपाठ आहेत."

"ते मी बघतो," रुपचंदचे कान लाल झाले होते. "पण सर्व्हरमध्ये कोण शिरतंय?"

वत्सलानं कागद उलगडला. जुनी साडेसहाची रांग दाखवली, मग नवी. दोन रिंगांचं सांगितलं, तव्याचं सांगितलं. "हा माणूस सूर्य मावळला की येतो, शेठ. रोज, मिनिट न चुकता. हे माझ्या घरातलं वेळापत्रक नाही. तुमच्या घरातलं आहे."

रुपचंद कागदाकडे पाहत राहिला. "आमच्या आजीचं," तो हळूच म्हणाला. "झमकूबाईंचं. मी रात्री नऊला जेवतो." आणि मग, "कोण आहे, ताई?"

तिनं कागदाची घडी घातली. कालपासून घासूनपुसून ठेवलेलं वाक्य तिनं तसंच ठेवलं.

"बाईला कशाला बोलायला लावतोस, रुपचंद," दारातून आवाज आला. "मी आहे."

रतिलाल पुढं आले. टोपी हातात होती. "तू फोनवर विचारलंस, मशीन कुणाला येतं? मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. ते खरं आहे. शालिग्रामभाऊंचा शेवटच्या आठवड्यात डावा हात दुखायचा. म्हणायचे, रतिलाल, तू दाब, मी सांगतो. वरून दुसरी ओळ, चौथं बटण. मी माझ्या अक्षरांत लिहून घेतलं." त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. घड्या पडून पडून ती कापडासारखी मऊ झाली होती. तिच्यावर मारवाडी वळणाच्या अक्षरांत ओळी होत्या. "तेराव्याला गेलो होतो. वहिनी कुणाला तरी सांगत होत्या, फोनच वाजत नाही, तव्याला हात कसा लावू? दुसऱ्या दिवशी डबा खाऊन हात धुतले आणि इथं येऊन बसलो."

"मग मला का नाही सांगितलं, काका?" वत्सलानं विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर वहिनीला कळलं असतं. मग त्यांनी तवा ठेवला असता का?"

उंबऱ्याबाहेर निंबा डोळे विस्फारून रतिलालकडे पाहत होता. तीन महिने आपण कुणाला हात जोडले, हे त्याला आता कळत होतं.

"आणि साडेसहाला का नाही?" सुकदेवनं विचारलं. "आबांची वेळ ठेवली असती तर कागद पाहूनही कुणाला काही वेगळं वाटलं नसतं."

"ती त्यांची वेळ," रतिलाल म्हणाले. "ती मी कशी घेऊ? मी माझ्या वेळेला करत गेलो."

वत्सलानं चिठ्ठी हातात घेतली. तिसऱ्या ओळीत एकापुढं एक पाच खुणा होत्या.

"हा पासवर्ड माझं नाव आहे, काका."

रतिलालनी तिच्याकडे पाहिलं. "हो?" ते म्हणाले. "मला काय माहीत, बेटा. मी पाच बटणं दाबत होतो."

रुपचंदनं खिशातला अर्ज काढून चार तुकडे केले. पण त्याचा आवाज कोरडाच होता. "तरी हा पासवर्ड आजच बंद होईल, काका. गेलेल्या माणसाच्या नावानं यंत्र चालू ठेवता येत नाही. उद्या खरंच कुणी शिरलं तर?" त्यानं सुकदेवला खूण केली.

त्या संध्याकाळी दिवस मावळला आणि फोन वाजला नाही. पुढचे दोन दिवसही वाजला नाही. वत्सला घरात असल्यामुळे भागाबाई तवा ठेवत होत्या. पण ती जळगावला परतल्यावर काय, हे दोघींपैकी कुणीच बोलत नव्हतं.

६

आखाजीच्या सकाळी नव्या मातीचं डेरगं पाण्यानं भरलं, त्यावर लहान घागर ठेवली, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा. चुलतभाऊ पुनानं विस्तवावर पितरांच्या घासाची आगारी टाकली. गल्लीत कडुनिंबाच्या झाडांना झोके बांधले होते आणि माहेरी आलेल्या पोरींची गाणी दुपारभर ऐकू येत होती.

संध्याकाळी रतिलाल आले. भागाबाईंनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, दिवस वर असताना. पाट मांडला, ताट वाढलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडया. रसईच्या रश्श्याची वाटी त्यांनी वेगळ्या पातेल्यातून भरली.

"ही वेगळी कशाला, आई?"

"त्यासनीमा कांदा-लसूण नही शे."

रतिलाल मान खाली घालून जेवू लागले. आईला कसं सांगावं, याची वत्सलानं तीन दिवस मनाशी जुळवाजुळव केली होती. ती स्वयंपाकघरात आईच्या मागं गेली.

"आई, तो फोन माझा नव्हता."

"माले ठाऊक शे."

"ठाऊक आहे?"

भागाबाईंनी पोळीवर तूप सोडलं. "तुना आबाना फोन घड्याळवर वाजे. साडेसहा म्हंजे साडेसहा. हाऊ फोन दिनवर वाजस. दिन मावळना का वाजस. आपला वळखीमा दिनवर जेवणारा मानूस एकच शे." त्यांनी दाराकडे मान हलवली. "होळीपहिले चार दिन नही वाजना. ते देवले जायेल व्हतात. येतांना खडीसाखर लई उनात."

वत्सला आईकडे पाहत राहिली. जळगावचा कागद नाही, कॅलेंडर नाही, उलटा फोन नाही. ओट्यावर बसून, गहू निवडता निवडता.

"मग तू त्यांना बोलली का नाहीस?"

"बोलती तर ते लाजतात. बंद करी देतात." त्यांनी पदरानं हात पुसले. "ते रोज मनासाठे बसेत. मी जेवती नही तर त्यासना फोन वाया जाता."

बाहेर रतिलालचं जेवण संपत आलं होतं. शेवटची पोळी त्यांनी मोडली आणि सवयीनं खिडकीबाहेर पाहिलं. ऊन अजून कडुनिंबाच्या शेंड्यावर होतं. वीस मिनिटं तरी होती.

फोन वाजला.

रतिलालचा घास हातातच राहिला. त्यांनी वत्सलाकडे पाहिलं, वत्सलानं त्यांच्याकडे. दोघंही या घरात, आणि ती खोली बंद. दुसरी रिंग वाजली. आणि फोन थांबला.

वत्सलानं घड्याळात पाहिलं. साडेसहा.

मग तिला आठवलं. त्या दिवशी जिनमधून निघताना रुपचंद सुकदेवला बाजूला घेऊन काहीतरी विचारत होता. माणूस न बसवता यंत्राला स्वतःच रोज चाचणी घेता येते का? आणि सुकदेव म्हणाला होता, येते शेठ, वेळ सांगा आणि नंबर सांगा. तेव्हा ती रतिलालकाकांची चिठ्ठी जपून घडी घालण्यात गुंतली होती आणि तिनं तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

"त्यासनी वेळ," भागाबाई दारात येऊन म्हणाल्या. रतिलालनी मान हलवली.

घरात पोळ्यांची चवड होती, भाकरीची कुणाला गरज नव्हती. तरी भागाबाई आत वळल्या आणि गॅस पेटवला. तवा ठेवल्याचा आवाज आला.

"वत्सू," आतून हाक आली, "काकासले पानी दे. दिन मावळाले वखत शे अजून."